'दुर्मीळ' म्हणून फाईल बंद करू नका: नाशिकच्या नेत्रशल्यचिकित्सकांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातले सर्व नेत्रशल्यचिकित्सक,
तसंच डोळ्यांचे दवाखाने आणि शिबिरं चालवणारी मंडळी यांस

विषय: डोळ्याच्या ऑपरेशननंतर क्वचित होणाऱ्या गुंतागुंती आणि त्या झालेल्या पेशंटला मिळणारी वागणूक

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी एका दवाखान्याचं मला दोन ओळींचं उत्तर आलं. मी स्पीड पोस्टाने चार पानी अर्ज पाठवला होता. उत्तर असं: 'आपणांस झालेली गुंतागुंत अत्यंत दुर्मीळ असून संमतीपत्रात तिचा अंतर्भाव आहे. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' खाली गोल शिक्का आणि न लागणारी सही. दवाखान्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. माझं भांडण एका दारापुरतं असतं तर मी ग्राहक आयोगात गेलो असतो. पण गेल्या वर्षभरात जे पाहिलं आणि ऐकलं, ते एका दवाखान्यापुरतं नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांना मिळून लिहितो आहे.

मी नाशिकरोडचा, जेल रोडला राहतो. नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं छापून आलेले ताव डोळ्यांनी तपासण्यात गेली. शाई पसरलेली, रंग केसभर सरकलेला, आकड्याचं टोक तुटलेलं, असलं काही नजरेतून सुटता कामा नये, ही आमची भाकरी. निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी हार घालताना माझ्या डोळ्यांचं कौतुक केलं होतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला तेव्हा घाबरलो नाही. माझ्या आईचं ऑपरेशन जुन्या पद्धतीचं, आत लेन्स न बसवता केलेलं. पुढची सगळी वर्षं तिने बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा वापरला, आणि तरीही 'डॉक्टरांनी जग दाखवलं' म्हणत ती रोज देवापुढे तुमच्या जमातीसाठी हात जोडायची. मी त्या घरातला माणूस आहे. हे पत्र वाचताना तेवढं ध्यानात ठेवावं.

ऑपरेशन थेंबांची भूल देऊन झालं. मला सगळं ऐकू येत होतं. पंधरा-वीस मिनिटांचं काम म्हणून सांगितलेलं. पहिली पाच-सात मिनिटं शांततेत गेली, मग डॉक्टरांचा आवाज बदलला. 'बाहुली लहान होतेय', 'पडदा बाहेर येतोय', मग 'हुक आहेत का आपल्याकडे?' आणि कुणाची तरी बाहेर धावपळ. तो प्रश्न माझ्या कानात अजून आहे. डोळा उघडा ठेवून झोपलेल्या माणसाने ऐकावा असा तो प्रश्न नव्हे. सव्वा तासाने मला बाहेर आणलं.

आज त्या डोळ्याची बाहुली गोल नाही. जखमेच्या बाजूला ओढली गेली आहे, रडणाऱ्या थेंबासारखी दिसते आणि उजेडात मिटत नाही. अंधाऱ्या खोलीत बसवून तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली की मी ६/९ पर्यंत वाचतो. पुढे वाक्य ठरलेलं, 'काका, नजर तर उत्तम आहे, मग तक्रार कसली?' तक्रार अशी, की संध्याकाळी बिटको चौकात उभा राहिलो की समोरून येणारा प्रत्येक दिवा फुटून त्याच्या सळया होतात. दुपारच्या उन्हात रस्ता पांढरा पडतो. दोन वेळा रिक्षाखाली येता येता वाचलो. तक्त्यावर यातलं काहीच उमटत नाही.

कारण कळायला तीन महिने लागले. तेही दुसऱ्या एका डॉक्टरांकडे. दिव्यासमोर हनुवटी टेकवून त्यांनी डोळा पाहिला आणि पहिल्याच मिनिटाला विचारलं, 'लघवीसाठी गोळी चालू आहे का?' चालू होती, चार वर्षांपासून. प्रोस्टेट वाढलं म्हणून टॅमसुलोसिन, रात्री जेवणानंतर एक. ही गोळी लघवीच्या मार्गातले स्नायू सैल करते. बाहुली मोठी करणाऱ्या स्नायूवरही तिचा तसाच परिणाम होतो. बाहुलीभोवतीचा तपकिरी पडदा, ज्याला तुम्ही आयरिस म्हणता, तो लुळा पडतो, ऑपरेशनच्या पाण्यात फडक्यासारखा हेलकावतो, चिरेतून बाहेर येऊ पाहतो आणि बाहुली मध्येच आक्रसते. याचं नाव तुम्हाला मी सांगायला नको: फ्लॉपी आयरिस सिंड्रोम. गोळी आधी काही दिवस थांबवली तरी धोका जाईलच असं नाही, बंद करून वर्षं लोटली तरी परिणाम राहू शकतो, हेही तुम्ही जाणता. पण आधी कळलं असेल तर बाहुली ताणून धरणारे हुक आणि रिंग, ती धरून ठेवणारं इंजेक्शन, सगळं टेबलावर तयार ठेवता येतं आणि धोका पुष्कळच खाली येतो.

मला आधी विचारलं गेलं होतं ते एवढंच: 'बीपी? शुगर?' सिस्टर माझ्या मुलीच्या वयाची. मी बीपीची पट्टी दाखवली. त्याच पिशवीत दुसरी पट्टी होती, ती मी बाहेर काढली नाही. का काढली नाही ते स्पष्टच लिहितो. पहिलं म्हणजे, लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काही संबंध असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. दुसरं, लाज वाटली. माझ्या पिढीतला पुरुष रात्री चार वेळा उठतो हे बायकोलासुद्धा धडपणे सांगत नाही, तो भरल्या काउंटरवर पोरीसारख्या सिस्टरला काय सांगणार? म्हणून तर प्रश्न तुमच्याकडून यायला हवा, नाव घेऊन आणि दार लावून. शिवाय ही गोळी मुतखड्यासाठीही देतात. म्हणजे बायकांना आणि तरुणांनाही विचारावं लागेल.

माझी पहिली आणि मोठी तक्रार हीच. मला झालं ते दैवाने झालं नाही. हा आजार २००५ साली कॅलिफोर्नियातल्या चँग आणि कँपबेल या दोन डॉक्टरांनी जगापुढे मांडला. बाहुली अशी वागणारे पेशंट त्यांनी बाजूला काढले, त्यांच्या गोळ्या तपासल्या आणि बहुतेकांत एकच गोळी निघाली. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांची माहिती असताना एक प्रश्न विचारायचा राहतो, आणि नंतर कागदावर 'दुर्मीळ' लिहिलं जातं, हे मला मान्य नाही.

दुसरी तक्रार डिस्चार्ज कार्डाची. माझ्या कार्डावर छापील ओळ आहे, 'शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली.' सव्वा तास लागला, पडदा बाहेर आला, हुक शोधावे लागले, यातलं एक अक्षर नाही. लेन्सच्या डबीतलं स्टिकरसुद्धा चिकटवलेलं नव्हतं. कोणती लेन्स, कोणत्या नंबरची, हे दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गप्प. कागद मागायला पाच खेपा घातल्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत पेशंटने मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात असं आहे. मला सहाव्या आठवड्यात दोन पानं मिळाली, त्यातल्या एकावर दुसऱ्याच माणसाचं वय होतं. ऑपरेशनमध्ये काही बिघडू शकतं, हे मी समजू शकतो. बिघडलं ते लिहिलं नाही, हे मात्र मला सोसत नाही. आमच्या खात्यात तावावरचा डाग लपवणाऱ्याला डाग पाडणाऱ्यापेक्षा मोठा दोषी मानायचे.

तिसरं, पेशंटच्या शब्दावर विश्वास नसणं. माझी वहिनी देवळाली गावात असते. तिचं ऑपरेशन अगदी छान झालं, लेन्स मधोमध, सूज नाही, काही नाही. पण तिला डाव्या बाजूला, कानाकडे, चंद्रकोरीसारखी काळी सावली दिसू लागली. ती स्वयंपाक करताना सारखी कानावरची बट मागे सारायची. बट तिथे नसायचीच. शेवटी तिने त्या बाजूचे केस कापून घेतले. चार वेळा दवाखान्यात गेली, चारही वेळा 'सगळं नॉर्मल आहे, मनातून काढून टाका.' पाचव्या वेळी ती गेली नाही आणि घरात रडत बसली, की मला वेड लागतंय का. या सावलीलाही नाव आहे, निगेटिव्ह डिसफोटॉप्सिया. लेन्सच्या काठापाशी उजेडाची वाट बदलते आणि रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, एका पट्टीवर उजेड पोचत नाही. बहुतेकांची ती काही आठवड्यांत, महिन्यांत विरत जाते. न गेली तर त्यावर उपायही आहेत. वहिनीला तेव्हा उपाय नकोच होता. 'असं होतं काहींना, तुम्ही खोटं बोलत नाही आहात,' एवढं वाक्य पुरलं असतं. ते वाक्य तिला शेवटी माझ्याकडून, एका प्रेस कामगाराकडून ऐकावं लागलं.

तसंच आमच्या ओळखीच्या एका गुरुजींचं. दोन्ही डोळ्यांची नजर बरीच गेल्यावर त्यांना अंगणात रंगीत फेटे बांधलेली माणसं दिसायला लागली. माणसं बोलत नसत, नुसती उभी असत. घरच्यांनी बाहेरचं काही असेल म्हणून त्र्यंबकेश्वरी शांत करून आणली. कर्ज काढून. नजर गेली की मेंदू स्वतः चित्रं उभी करतो, माणूस शहाणाच असतो, हे चार्ल्स बॉने या स्विस विद्वानाने १७६० मध्येच लिहून ठेवलं, तेही स्वतःच्या आजोबांचं पाहून. ज्या दवाखान्यात गुरुजींना 'आता नजर एवढीच' असं सांगितलं गेलं, तिथेच हे दोन मिनिटांत सांगता आलं नसतं का?

चौथी तक्रार फोनची, आणि ही मला सगळ्यात जास्त जाळते. माझ्या तपासणीच्या दिवशी, सोमवारी सकाळी, बाकड्यावर शेजारी पेठ तालुक्यातला एक तरुण बसला होता. सोबत त्याची आई. बाईंनी कपाळ भिंतीला टेकवलं होतं आणि दोन्ही हातांनी पदराचा बोळा डोळ्यावर दाबून धरला होता. शिबिरातून नेऊन गुरुवारी ऑपरेशन केलेलं, शुक्रवारी हिरवी पट्टी आणि थेंब देऊन गाडीने गावी सोडलेलं. शनिवारी रात्री ठणका सुरू झाला. कार्डावर एकच नंबर, तोही दवाखान्याच्या काउंटरचा. रविवारी दिवसभर तो वाजत राहिला. सोमवारी पहिल्या जीपने ती दोघं आली. डॉक्टरांनी बघताच त्यांना रांगेतून उचलून आत नेलं, ते मी पाहिलं. पुढे काय झालं मला माहीत नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात वाढता ठणका, लाली आणि नजर कमी होणं म्हणजे आत जंतू शिरल्याची शंका, आणि तिथे तास मोजायचे असतात, हे तुम्हीच सांगता. पहिल्या एक-दोन दिवसांतच, जंतूंशिवाय, अवजारं धुण्यातल्या साबणाच्या अंशाने किंवा सदोष द्रावणाने डोळा पेटतो, तोही एक प्रकार आहे, आणि तो एकाला झाला तर त्या दिवशीच्या बाकीच्यांनाही बोलावून बघावं लागतं. या दोन्ही गोष्टी क्वचितच्या. पण रविवार दर आठवड्याला येतो.

थेंबांबद्दल थोडक्यात. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त कंडक्टरने ऑपरेशननंतरचे स्टेरॉइडचे थेंब पाच महिने चालू ठेवले, कारण थांबवा असं कुणी लिहिलं नव्हतं आणि मेडिकलवाला रिकामी बाटली पाहून नवी देत होता. काही जणांच्या डोळ्यातलं प्रेशर या थेंबांनी चढतं. त्यांचं चढलं, दुखलं नाही, म्हणून कळलं नाही. आता काचबिंदूची औषधं जन्मभर.

आता मोजण्याबद्दल, ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं. प्रेसमध्ये खराब निघालेला प्रत्येक ताव मोजला जायचा. २००६ साली रिझर्व्ह बँकेने स्टार मालिका आणली. बंडलातली एखादी नोट छपाईत बिघडली तर तिच्या जागी नंबरात चांदणी असलेली नोट घालायची, म्हणजे शंभराला शंभर हिशेब लागतो आणि एक बिघडली होती हेही उघड दिसतं. दहा रुपयांच्या बिघडलेल्या नोटेची या देशात नोंद राहते. माझ्या डोळ्याची नोंद कुठे आहे?

वर सांगितलेल्या त्या दोन डॉक्टरांनी मोजलं नसतं तर गोळीचा दोष सापडला नसता. दुसरंही उदाहरण तुमच्याच शास्त्रातलं. जंतू होऊ नयेत म्हणून ऑपरेशनच्या शेवटी काही ठिकाणी डोळ्यात व्हँकोमायसिन सोडत. काही दिवसांनी, न दुखता, मोजक्या पेशंटच्या रेटिनातल्या रक्तवाहिन्या बंद पडून रक्त उतरलं आणि नजर गेली. प्रत्येक डॉक्टरला आपला पेशंट एकटाच, दुर्मीळ वाटला असेल. असे पेशंट एकत्र मांडले तेव्हा औषधाकडे बोट गेलं आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा काढला. आपल्याकडेही व्यवस्था आहे. औषधांच्या दुष्परिणामांसाठी २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, लेन्ससारख्या उपकरणांसाठी २०१५ पासून. दोन्हींचं केंद्र गाझियाबादला, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, आणि पेशंट स्वतःही कळवू शकतो. हे मला कोणत्याही दवाखान्यात कुणी सांगितलं नाही, भिंतीवरही दिसलं नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ऑपरेशनची तारीख देण्याआधी पेशंटच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या मागवा आणि स्वतः बघा. प्रोस्टेटची किंवा मुतखड्याची गोळी आज चालू आहे का, आणि पूर्वी कधी घेतली होती का, हे दोन्ही प्रश्न केसपेपरवर छापा. ज्याच्याकडे 'हो' असेल त्याच्यासाठी हुक आणि रिंग टेबलावर आहेत याची खात्री झाल्याशिवाय सुरुवात करू नका.

संमतीपत्र मराठीत द्या, आदल्या दिवशी घरी न्यायला द्या. हिरवा गाउन चढवल्यावर, चष्मा काढून घेतल्यावर, मोतीबिंदू झालेल्या माणसाकडून बारीक अक्षरातल्या कागदावर सही घेऊ नका. आणि त्या पेशंटला त्याच्या बाबतीत जो वेगळा धोका असेल तो दोन ओळींत हाताने लिहा.

ऑपरेशनमध्ये जे घडलं ते कार्डावर लिहा. लेन्सचं स्टिकर चिकटवा. थेंब कधी सुरू, कधी कमी, कधी बंद, या तारखा लिहा. कागद मागितले तर खेपा घालायला लावू नका.

पहिले सात दिवस रात्रंदिवस उचलला जाईल असा मोबाईल नंबर द्या. एकेका दवाखान्याला जमत नसेल तर तुमच्या संघटनेने सगळ्यांचा मिळून एक चालवावा. शिबिरातल्या पेशंटसाठी गावच्या आशाताईंना नाव आणि ऑपरेशनची तारीख कळवा आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडून निरोप मागवा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवर दुसरी सोय नाही.

ज्यांची तक्रार तक्त्यावर दिसत नाही अशा पेशंटसाठी महिन्यातून एक दिवस ठेवा, जिथे ऑपरेशन करणाऱ्याखेरीज दुसरे दोन डॉक्टर त्यांना तपासतील. तिथे दोष ठरवू नका, फक्त काय झालंय ते सांगा.

आणि वर्षाला मोजा. किती ऑपरेशनं, किती बिघडली, कशाने बिघडली. नावं नकोत, ना पेशंटची, ना डॉक्टरांची. नुसते आकडे दर वर्षी जाहीर करा, आणि जे राष्ट्रीय कार्यक्रमाला कळवायचं ते कळवा. हे आकडे बाहेर आले तर लोक घाबरून ऑपरेशनच करणार नाहीत, असं मला एका डॉक्टरांनी तळमळीने सांगितलं. त्यांची भीती खोटी नाही, मोतीबिंदू अंगावर काढणारी माणसं आजही आहेत. पण माझ्या ओळखीत जी माणसं ऑपरेशन टाळताहेत, त्यांनी आकडे वाचलेले नाहीत. त्यांनी कुणाचा तरी बिघडलेला डोळा पाहिलाय, आणि त्याबद्दल दवाखाना काहीच बोलला नाही हे ऐकलंय.

माझ्या बाहुलीवर उपाय आहे, असं दुसरे डॉक्टर म्हणतात. टाका घालून ती लहान करता येईल, किंवा रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स वापरून पाहता येईल. त्याचा विचार मी करतो आहे. माझ्या अर्जावर मला पैसे नको होते, आजही नकोत. माझी फाईल पुन्हा उघडावी आणि त्यात 'टॅमसुलोसिनबद्दल विचारलं गेलं नाही' एवढी ओळ लिहावी, ही त्या दवाखान्याकडे विनंती आहे.

डाव्या डोळ्यातला मोतीबिंदूही आता वाढला आहे. दिवाळीनंतर मला तुमच्यापैकीच कुणाच्या तरी दारात यायचं आहे. त्या दिवशी गोळीची पट्टी माझ्या वरच्या खिशात असेल. ती तुम्ही मागावी.

कळावे,
आपला,
एक निवृत्त प्रेस कामगार
जेल रोड, नाशिकरोड